खिलार वंश आणि गांवचा वळू

परदेशांत कांहीं ठिकाणीं जुन्या धाटणीचीं शेतें राखून त्यांवर दुर्मिळ जातींचीं जनावरें कामास लावितात व तीं लोकांस दाखवितात. सोलापूर जिल्ह्यांत खिलार राखावयाचें तें मात्र आपल्याच गोठ्यांत. ट्रॅक्टर आल्यावर त्याचें काम घटलें. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शर्यती बंद केल्या, तेव्हां खोंडांचें गिऱ्हाईकही तुटलें. २०२१ सालीं त्याच न्यायालयानें शर्यतींस परवानगी दिल्यावर तें पुन्हा आलें, व २०२३ सालीं त्यानें राज्याचा कायदा मान्य केला. परंतु गाईकडे कोणी पाहत नाहीं, हें आम्हांस घातक वाटतें. दूध बेताचें, म्हणून पुष्कळजण तिला संकरित रेत भरवितात व एका वितांत वंश गमावतात.

दुसरी चूक वळूची. एकच वळू सात-आठ वर्षें गांवांत राहतो व आपल्याच कालवडींस लागतो. पुढें वासरें खुरटीं निघतात. त्याच्या पहिल्या कालवडी माजावर येण्यापूर्वीं, सुमारें तीन वर्षांनीं, तो दूरच्या गांवीं देऊन तेथील शुद्ध खिलार वळू आणावा. प्रत्येक वासराच्या आईबापांची नोंद वहींत करावी. वळू निवडतांना शिंगें व चाल सर्वच पाहतात. त्याच्या आईची कांसही पाहावी.