अ‍ॅफिलिएट मार्केटिंग: प्रवेश फुकट, मग खर्च कशाचा?

मोबाइलवर लिंक टाका, घरबसल्या कमवा, अशा जाहिराती रोज दिसतात. त्या पाहून गृहिणी, विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, छोटे दुकानदार असे अनेक जण एकच प्रश्न विचारतात: सुरुवातीला किती पैसे घालावे लागतील आणि हातात किती येतील? आधी खर्चाचा कागद मांडावा आणि मग पाऊल टाकावं. हे काम खरं आहे, त्यातून कमाई होते. पण ती हळू होते आणि ती लोकांच्या विश्वासावर उभी असते. विश्वास कसा जपायचा आणि खिसा कसा सांभाळायचा, हे दोन्ही एकत्र पाहू.

पैसे येतात कुठून?

एखादी वस्तू आपण वापरतो, तिच्याविषयी लिहितो किंवा व्हिडिओ करतो आणि खाली कंपनीने आपल्या नावे दिलेली लिंक ठेवतो. त्या लिंकवरून कुणी खरेदी केली की कंपनी आपल्याला ठरलेलं कमिशन देते. ग्राहकाला वस्तू त्याच किमतीला मिळते. अ‍ॅमेझॉनने १९९६ मध्ये अशी योजना सुरू केली आणि आज भारतातही ती चालते. याशिवाय क्युलिंक्स, अर्नकरो यांसारखे मध्यस्थ आहेत. त्यांच्याकडे एकच खातं उघडून अनेक दुकानांच्या लिंक मिळतात. कमिशनमधला काही वाटा मध्यस्थ स्वतःकडे ठेवतो. यूट्यूबनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लिपकार्ट आणि मिंत्रा यांना सोबत घेऊन भारतात व्हिडिओतच वस्तू दाखवून कमिशन मिळवण्याची सोय सुरू केली.

यांपैकी कुठेही नाव नोंदवायला फी नाही. पॅन, बँक खातं आणि आपलं चॅनेल किंवा संकेतस्थळ लागतं; यूट्यूबच्या सोयीसाठी मात्र सदस्यसंख्येसारख्या अटीही असतात. नाव नोंदवण्यासाठीच कुणी पैसे मागत असेल, तर तिथून परत फिरा.

खर्चाचा कागद

समजा, ब्लाऊजचं कटिंग शिकवणाऱ्या एका ताईंना या कामात उतरायचं आहे. कटोरी, प्रिन्सेस कट, पिको-फॉल हे त्यांच्या हातचे विषय. त्यांना येणारा खर्च साधारण असा:

• ट्रायपॉड: ५०० ते १,००० रुपये. फोन घरात असलेलाच चालतो.
• कॉलरला लावायचा माइक: ८०० ते १,५०० रुपये. चित्र थोडं अंधूक असलं तरी लोक बघतात, आवाज खरखरला की निघून जातात. म्हणून पहिला खर्च माइकवर करावा. उजेडासाठी खिडकी पुरते.
• संकेतस्थळाचं नाव (डोमेन): वर्षाला साधारण ५०० ते १,५०० रुपये.
• होस्टिंग: साध्या संकेतस्थळासाठी वर्षाला २,००० ते ५,००० रुपये. पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर पाहून भुलू नका. नूतनीकरणाचा दर बराच जास्त असतो, तो आधी वाचा. डोमेन आणि होस्टिंगवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो.
• वापरून पाहायच्या वस्तू: हा खर्च लोक धरतच नाहीत आणि बहुतेकदा तोच सगळ्यात मोठा ठरतो. तीन कात्र्यांची तुलना करायची तर तिन्ही हातात हव्यात. म्हणून आपल्या घरात, शेजारी किंवा ओळखीच्या दुकानात आधीच असलेल्या वस्तूंपासून सुरुवात करावी.
• आयकर विवरणपत्र भरून घेणं: गावानुसार साधारण १,५०० ते ३,००० रुपये.
• जाहिरात: पहिलं वर्ष शून्य. पैसे देऊन आणलेले प्रेक्षक थोड्या कमिशनवर परवडत नाहीत. शिवाय कंपनीच्या नावावर गुगलमध्ये जाहिरात करण्याला अनेक योजनांत मनाईच असते.

यूट्यूबचा रस्ता धरला तर ट्रायपॉड आणि माइक मिळून १,३०० ते २,५०० रुपयांत सुरुवात होते. संकेतस्थळाचा खर्च कमाई सुरू झाल्यावर, कमाईतूनच करावा. लिहिण्याची आवड असेल तर ब्लॉगरवर फुकट जागा मिळते. आपल्या नावाचं डोमेन नंतर जोडता येतं.

उत्पन्नाचं खरं गणित

कमिशनचा दर वस्तूनुसार बदलतो. मोबाइल, इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर तो अगदी कमी असतो; कपडे, घरगुती सामान यांवर जास्त. कंपन्या हे दर मध्येच बदलतात, म्हणून तीन महिन्यांतून एकदा दरपत्रक वाचावं. कमिशन साधारणपणे कर वगळलेल्या किमतीवर मिळतं आणि वस्तू परत आली की ते रद्द होतं.

आता गणितापुरते आकडे धरू. ताईंच्या एका व्हिडिओखालच्या लिंकवर महिन्याला १०० जण गेले. चौघांनी कात्री घेतली, एकाने परत केली. उरल्या तीन. कात्रीची करपूर्व किंमत ६०० रुपये आणि दर ५ टक्के धरला, तर एका कात्रीमागे ३० रुपये, म्हणजे व्हिडिओमागे महिन्याला ९० रुपये. असे दहा व्हिडिओ असतील तर ९००. त्यात महिन्याला दोन शिलाई मशीन गेल्या, प्रत्येकी ९,००० रुपये आणि ४ टक्के दराने, तर ७२० रुपये आणखी. एकूण १,६२० रुपये महिना. एका व्हिडिओला आठ तास धरले तर दहा व्हिडिओंमागे ८० तास गेलेले असतात.

हा आकडा निराश करण्यासाठी मांडलेला नाही. उपयोगी व्हिडिओ वर्षानुवर्षं शोधला जातो आणि एकदा केलेलं काम पुढेही कमावतं. दहाचे चाळीस व्हिडिओ झाले आणि लोक नावाने शोधू लागले, तर घरखर्चाला हातभार लागेल एवढी रक्कम उभी राहू शकते. मात्र पहिल्या सहा महिन्यांत नोकरी सोडण्याइतकं काही घडेल, या भरवशावर कुणी कर्ज काढू नये.

वेळेचंही गणित आहे. अ‍ॅमेझॉनच्या योजनेत आपल्या लिंकवरून आलेल्या ग्राहकाने २४ तासांत वस्तू घेतली किंवा कार्टमध्ये टाकली तरच ती आपल्या खात्यावर धरतात. खातं उघडल्यापासून १८० दिवसांत किमान तीन पात्र विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. म्हणून खातं आधी उघडून ठेवण्याची घाई नको; दहा-बारा चांगले व्हिडिओ किंवा लेख तयार झाले की अर्ज करावा. आणि कमिशन त्या महिन्याचा शेवट झाल्यावर साधारण ६० दिवसांनी येतं. दिवाळीची विक्री ऑक्टोबरमध्ये झाली तर पैसे डिसेंबरअखेरीच्या सुमारास दिसतात. किमान रक्कम साठेपर्यंत थांबावंही लागतं.

काय निवडावं, कसं सांगावं

आपल्याला जे येतं तेच निवडा. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केलेला मुलगा कोणतं पुस्तक पूर्वपरीक्षेला पुरतं आणि कोणतं कपाटात धूळ खातं, हे सांगू शकतो. द्राक्षबागेत काम करणारा शेतकरी बॅटरीचा फवारणी पंप किती टाक्या चालतो, हे सांगू शकतो. हे ज्ञान इंग्रजी व्हिडिओ पाहून उसनं आणता येत नाही, आणि म्हणूनच मराठीत या कामाला जागा आहे.

ग्राहक खरेदीच्या अगदी आधी जे विचारतो, त्याचं उत्तर द्या. ‘शिलाई मशीन’ हा विषय फार मोठा झाला. ‘घरच्या ब्लाऊजसाठी मोटरवाली मशीन घ्यावी की पायाची’, ‘ओव्हरलॉक वेगळी घ्यावी का’, ‘सुटे भाग तालुक्याला मिळतात का’ हे खरे प्रश्न. मशीन आवाज किती करते, बॉबिन अडकते का, दुरुस्तीला माणूस येतो का, हे सांगा. उणीव सांगितली की वस्तू विकली जाणार नाही, ही भीती काढून टाका. उणीव सांगणाऱ्याच्याच शिफारशीवर लोक पैसे खर्च करतात, आणि ज्याला ती उणीव चालते तोच घेतो, त्यामुळे परत येणाऱ्या वस्तूही कमी होतात.

गावातल्या दुकानात वस्तू स्वस्त आणि दुरुस्तीसह मिळत असेल तर तेही सांगा. त्या दिवशीचं कमिशन जाईल, माणूस टिकेल.

योजनेचे नियम वाचणं हाही कामाचा भाग आहे. अ‍ॅमेझॉनच्या योजनेत स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी खरेदी चालत नाही. ईमेल किंवा खासगी संदेशांतून लिंक पाठवायला अनेक योजनांत मनाई असते. म्हणून घरच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंकांचा मारा करण्याआधी नियम पाहा. आज लिहिलेली किंमत उद्या खोटी ठरते, त्यामुळे ‘सध्याची किंमत लिंकवर पाहा’ एवढंच लिहावं.

उघड सांगणं कायद्याने बंधनकारक

जाहिरातींच्या स्वयंनियमनाचं काम करणाऱ्या अ‍ॅस्की या संस्थेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी नियमावली आणली. त्यानंतर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये फसव्या जाहिराती आणि शिफारशींविषयी मार्गदर्शक तत्त्वं लागू केली, आणि जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने ती सोप्या शब्दांत समजावून सांगितली. अर्थ सरळ आहे: शिफारशीमागे पैसे, कमिशन, फुकट वस्तू असं काही असेल तर ते सहज दिसेल असं सांगायचं. हॅशटॅगच्या गर्दीत लपवायचं नाही. व्हिडिओत ते बोलूनही सांगायचं आणि पडद्यावरही दाखवायचं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार फसव्या शिफारशीसाठी पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत, पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. एक वर्षापर्यंत, आणि पुन्हा घडल्यास तीन वर्षांपर्यंत शिफारस करण्यावर बंदीही येऊ शकते.

मराठी व्हिडिओत मराठीतच सांगा: ‘खालच्या लिंकवरून वस्तू घेतलीत तर मला कमिशन मिळतं. तुम्हाला जास्त पैसे पडत नाहीत.’ एवढी दोन वाक्यं पुरतात.

शेअर, म्युच्युअल फंड, डिमॅट खातं यांच्या लिंकवर कमिशन मोठं दिसतं. तिथे जाताना दहादा विचार करा. शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीने ऑगस्ट २०२४ मध्ये नियम बदलले. त्यानुसार नोंदणी नसताना गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्या किंवा परताव्याचे दावे करणाऱ्या व्यक्तींशी नोंदणीकृत संस्थांना संबंध ठेवता येत नाही. औषधं आणि वजन घटवण्याची चूर्णंही टाळा. तिथे झालेल्या चुकीची किंमत लोक आपल्या शरीराने मोजतात.

कर किती?

कमिशन हे उत्पन्न आहे आणि ते विवरणपत्रात दाखवावंच लागतं. कमिशनवरची करकपात ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्क्यांवरून २ टक्के झाली आणि एप्रिल २०२५ पासून एका कंपनीकडून वर्षाला २०,००० रुपयांवर कमिशन गेलं तरच ती होते. पॅन दिला नाही तर २० टक्के कापले जातात. एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर कापलेली रक्कम विवरणपत्र भरून परत मिळते.

अंदाजित नफ्यावर कर भरण्याची जी सवलत छोट्या व्यावसायिकांना मिळते, ती कमिशनच्या उत्पन्नाला लागू होत नाही. म्हणून माइकपासून होस्टिंगपर्यंत प्रत्येक पावती जपा. खर्च वजा करायला तीच कामी येते. महाराष्ट्र आणि गोव्यात सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नसते.

फसवणूक ओळखा

पहिली खूण: आधी पॅकेज विकत घ्या, मग तेच पॅकेज दुसऱ्याला विकलंत की कमिशन. इथे वस्तू नावापुरती असते, पैसे नव्या माणसांच्या भरतीतून येतात. अशा साखळीवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे आणि २०२१ च्या थेट विक्री नियमांनीही पिरॅमिड योजनांना मनाई केली आहे. अशा योजनेत आधी नातेवाईक ओढले जातात आणि पैशांसोबत नातीही बिघडतात.

दुसरी खूण: टेलिग्रामवर ‘रेटिंग द्या, पैसे मिळवा’. सुरुवातीला थोडे रुपये खरंच येतात, मग ‘पुढच्या टास्कसाठी’ अनामत मागतात. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर फोन करा. ग्राहक म्हणून तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

महागडे अभ्यासक्रमही घाईने घेऊ नका. योजनांचे नियम, दरपत्रकं, व्हिडिओ करण्याची माहिती फुकट उपलब्ध आहे. स्क्रीनशॉटमधली कमाई हा पुरावा नव्हे.

पहिल्या वर्षाचा क्रम

पहिले तीन महिने: एक विषय, दहा-बारा व्हिडिओ किंवा लेख, खर्च अडीच हजारांच्या आत. लिंक अजून नको. लोक काय विचारतात ते वहीत लिहा.

चौथा ते सहावा महिना: त्या प्रश्नांवर तुलना आणि अनुभवाचे व्हिडिओ, एक-दोन योजनांत नोंदणी, प्रत्येक लिंकजवळ कमिशनचा खुलासा.

सातवा ते नववा महिना: कोणत्या लिंकवर विक्री झाली आणि काय परत आलं ते पाहा. जास्त परत येणाऱ्या वस्तूची शिफारस काढून टाका, कमिशन कितीही असलं तरी.

शेवटचे तीन महिने: कमाई जमली असेल तर तिच्यातूनच डोमेन, होस्टिंग. लिंक तपासा, बंद झालेल्या वस्तूंच्या जागी नव्या टाका.

वर्षअखेरीस जमा, खर्च आणि तास यांचा हिशेब मांडा. जमा खर्चापेक्षा कमी असली, पण लोक पुन्हा येऊन प्रश्न विचारत असतील, तर काम योग्य वाटेवर आहे. आणखी एक वर्ष द्यावं. कुणीच विचारत नसेल तर विषय बदला, पैसे वाढवू नका. आपल्या शब्दावर कुणीतरी कष्टाचे पैसे खर्च करणार आहे, हे लक्षात ठेवून जो प्रत्येक लिंक टाकतो, त्याचाच धंदा या क्षेत्रात टिकतो.