स्वादुपिंडाचा कर्करोग आणि शरीराचे जागले

“डॉक्टरसाहेब, प्रतिकारशक्ती वाढायचं काहीतरी लिहून द्या.” कोरोनानंतर माझ्या दवाखान्यात हे वाक्य रोज कानावर पडते. प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितके बरे, असा आपला समज असतो. स्वादुपिंडाच्या कर्करोगात मात्र हीच शक्ती कधी कधी रोगाला हातभार लावते. ते कसे, हे आज समजून घेऊ.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवे असते. पाचक रस आणि इन्सुलिन तेथे तयार होते. ते इतके खोल असते की त्यातील गाठ सुरुवातीला हाताला लागत नाही. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ रोजी याच कर्करोगाने गेले.

आपल्याकडे शेतकरी रात्री जागलीला जातात. रानडुकराची चाहूल लागली की आरडाओरड करतात, टेंभा पेटवतात. शरीरातही असे जागले जन्मापासून असतात. पेशींवर आणि पेशींच्या आत त्यांचे ‘कान’ असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. त्यातील एका गटाचे नाव ‘टोल’. (रस्त्यावरच्या टोलनाक्याशी याचा संबंध नाही!) माणसात टोल जातीचे दहा रिसेप्टर आहेत. चौथ्या क्रमांकाचा काही जंतूंचे कवच ओळखतो, तर सातवा आणि नववा विषाणू-जंतूंचे जनुकद्रव्य ओळखतात. चाहूल लागताच ते सूज आणतात, पांढऱ्या पेशींना बोलावतात. जंतू मेले की सूज ओसरते.

पण तंबाखू, दारू किंवा स्वादुपिंडाची जुनी सूज यांमुळे तेथील पेशी सतत मरत राहिल्या, तर त्यांचा कचरासुद्धा हे रिसेप्टर शत्रू समजतात. टेंभा विझतच नाही. कर्करोगाचे बी जनुकातील बिघाडाने पडते. बहुतेक रुग्णांत ‘के-रास’ नावाचे जनुक बिघडलेले आढळते. सततची सूज त्या बियाला खतपाणी घालते. उंदरांवरील प्रयोगांत सातवा टोल रिसेप्टर चेतवला तेव्हा रोग झपाट्याने वाढला, तो रोखला तेव्हा मंदावला. शिवाय गाठीभोवती वणासारखे टणक आवरण तयार होते. त्यातून औषधही नीट आत शिरत नाही.

या जन्मजात प्रतिकारशक्तीच्या शोधासाठी ब्यूटलर आणि हॉफमन यांना २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्याबरोबरचे तिसरे मानकरी राल्फ स्टाइनमन. रोगाची ओळख पटवून इतर पेशींना शिकवणाऱ्या ‘डेंड्रायटिक’ पेशी त्यांनी शोधल्या होत्या. त्यांना स्वतःला स्वादुपिंडाचाच कर्करोग झाला. स्वतःच्या शोधावर आधारलेले उपचारही त्यांनी घेतले. निदानानंतर सुमारे चार वर्षांनी, पारितोषिक जाहीर होण्याच्या तीनच दिवस आधी, ते वारले. प्रतिकारशक्ती नुसती भडकवणे वेगळे आणि तिला नेमका शत्रू दाखवणे वेगळे. ते शास्त्र अजून पूर्ण हाती आलेले नाही. मग बाजारातल्या पावडरीने काय साधणार? आपल्या वसमतच्या हळदीबद्दलही लोक विचारतात. स्वयंपाकात ती जरूर वापरा, पण पोटात घेतलेल्या हळदीतला औषधी भाग रक्तात फारच थोडा उतरतो. तिने हा कर्करोग बरा होत नाही.

आता माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी पन्नाशी उलटलेला एक शेतकरी माझ्याकडे आला. घरात कोणाला मधुमेह नाही, तरी त्याला नव्याने साखर निघाली, आणि वजनही उतरत होते. मी साखरेच्या गोळ्या दिल्या. वजन साखरेमुळेच उतरते आहे असे धरून चाललो, सोनोग्राफी सांगितली नाही. चार महिन्यांनी डोळे पिवळे झाले. घरच्यांनी काविळीची माळ घातली, त्यात आणखी तीन आठवडे गेले. नांदेडला सीटी स्कॅन झाला तेव्हा गाठ यकृतापर्यंत पसरली होती. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. माळ घालणाऱ्यांना मी काय बोलणार? पहिले चार महिने तर मीच घालवले होते.

म्हणून वाचकहो, पुढील गोष्टी ध्यानात ठेवा :

१. न दुखता झालेली कावीळ, अंगाला खाज, गडद लघवी आणि पांढुरका शौच.
२. पोटाच्या वरच्या भागातून पाठीत जाणारे, पुढे वाकून बसल्यावर कमी होणारे दुखणे.
३. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह आणि त्याबरोबर विनाकारण वजन घटणे.

यातले काही दिसले तर माळ, डाग, झाडपाला यांत दिवस घालवू नका. सोनोग्राफी करा, तिच्यात काही दिसले नाही तरी शंका असल्यास सीटी स्कॅन करून घ्या. गाठ लवकर सापडली तरच शस्त्रक्रियेने बरे होण्याची आशा असते. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा.

आणि बिडी असो की मळलेली तंबाखू, ती आजच सोडा. दारूही सोडा. जागल्याला विश्रांती देण्याचा याहून स्वस्त उपाय माझ्या कपाटात नाही.