वारुळातील शेतकरी



पावसाळ्यात गोव्याच्या बाजारात पानांत गुंडाळलेली रानची अळमी विकायला येतात. भाव ऐकून मोठी माणसे दचकतात, तरीही ती घरी नेतातच! पण ही अळमी उगवतात कुठे आणि त्यांना वाढवते कोण?

विज्ञानाच्या पुस्तकात आपण बुरशीला 'विघटक' म्हणतो. रानात सतत पाने गळतात, फांद्या मोडतात, झाडे कोसळतात. लाकडाला कठीणपणा देणारा लिग्निन नावाचा पदार्थ बहुतेक प्राण्यांना पचत नाही. तो फोडण्याचे काम मुख्यतः बुरशी करते. त्यामुळे पाल्यात आणि लाकडात अडकलेले पोषक घटक मातीला परत मिळतात व त्यांवर नवी झाडे वाढतात.

वारुळाला आपण मुंग्यांचे घर म्हणतो. पण ते बांधते वाळवी. आपल्याकडील या वाळवीला पालापाचोळा एकटीने नीट पचवता येत नाही. म्हणून ती चक्क शेती करते! कामकरी वाळव्या सुकी पाने व लाकूड चावून खातात आणि त्यांच्या विष्ठेतून मधाच्या पोळ्यासारखे सच्छिद्र वाफे तयार होतात. त्यांवर 'टर्मिटोमायसिस' ही बुरशी वाढते. बुरशी लिग्निन फोडते आणि वाळवीला मऊ, पौष्टिक अन्न मिळते. त्या बदल्यात वाळवी बुरशीला खाद्य, ओलावा आणि सुरक्षित जागा देते. माणसाची शेती सुमारे दहा-बारा हजार वर्षांची. वाळवीची सुमारे ३ कोटी वर्षांची!

पाऊस पडून माती भिजली की या बुरशीचे लांब देठ जमिनीतून वर येतात. हीच आपली अळमी. छत्री उघडली की तिच्या खालच्या पडद्यांतून असंख्य बीजाणू बाहेर पडतात. नव्या वारुळातील वाळव्यांना बहुधा याच बीजाणूंपासून आपल्या शेतीचे 'बियाणे' मिळते.

आता अडचण लक्षात येईल. बाजारात न उमललेल्या कळ्यांना मागणी असते. सगळ्याच कळ्या खुडल्या, तर बीजाणू पडणार कसे? शिवाय वारूळ खणले, तर वाळवी आणि बुरशी दोन्ही नष्ट होतात. ही अळमी धिंगरी अळंबीसारखी शेडमध्ये पिकवता येत नाहीत. गोवा विद्यापीठातील शास्त्रज्ञ डॉ. नंदकुमार कामत यांनी या अळम्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि त्यांच्या संरक्षणाचा आग्रह धरला.

गोव्यात सातेरी देवीची पूजा वारुळाच्या रूपात होते. ज्या वारुळापुढे आपण हात जोडतो, त्याचा रानातील भाऊ कुदळीने फोडू नये, एवढे तरी आपण पाळू या. पालकांनाही विनंती, की आपल्या बागेत वा कुळागरात अळमी उगवली, तर काही पूर्ण उमलू द्यावीत.

सावधान! काही रानटी अळंबी विषारी असतात व ती खाण्याच्या अळम्यांसारखी दिसू शकतात. ओळख नसलेली अळंबी तोंडात घालू नका.

करून पाहा : बाजारातून आणलेले एक उमललेले अळमे घ्या. देठ कापून छत्री काळ्या कागदावर पालथी ठेवा व वर वाटी झाका. दुसऱ्या दिवशी छत्री अलगद उचला. कागदावर उमटलेली फिकट नक्षी म्हणजेच बीजाणू.

विचार करा :
१. वाळवी नाहीशी झाली, तर अळम्यांचे काय होईल?
२. रानातील सर्व पाला झाडून जाळला, तर कोणाकोणाचे अन्न जाईल?