मुलांचा अभ्यास घरीही घ्या



बेण्याचा डोळा जपला तर उगवण चांगली, हे आपण जाणतो. पोरांचेही तसेच. पहिली-दुसरीतल्या पोराला लागणीच्या वेळी जवळ बसवा. दोन डोळ्यांच्या पाच टिपऱ्या पुढ्यात ठेवून एकूण डोळे मोजू द्या. चुकला तर रागावू नका, पुन्हा मोजू द्या. तिसरी-चौथीतल्या मुलीच्या हाती काटा पावती द्या. भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन तिलाच वजा करू द्या. 1000 किलोंचा एक टन, हेही समजेल. आईला लिहिता-वाचता येत नसले तरी अडत नाही. भाकरी थापताना "आज शाळेत काय झालं?" असे विचारून सगळे ऐकून घ्यावे. बोलण्यातूनच भाषा वाढते. रोज 15 मिनिटे पोरांसाठी राखावीत, ही आमची विनंती.

— ऊस विकास अधिकारी