ट्युबिंगन: पाहायला स्वस्त, राहायला महाग

मूल जर्मनीत शिकायला गेलं की वर्षा-दोन वर्षांत आईबाबांची तिकडे एक फेरी ठरलेलीच. महाराष्ट्राची बाडेन-व्युर्टेंबर्ग या दक्षिणेकडच्या राज्याशी २०१५ पासून भागीदारी आहे. मुंबई आणि तिथली राजधानी स्टुटगार्ट तर १९६८ पासून भगिनी शहरं. त्यामुळे मराठी घरांची ये-जा त्या बाजूला असतेच. स्टुटगार्टहून रेल्वेने साधारण तासाभरावर, नेकार नदीच्या काठी ट्युबिंगन आहे. वस्ती नव्वद हजारांच्या आसपास आणि विद्यार्थी सुमारे २८ हजार. विद्यापीठ १४७७ सालचं. महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांतून गाव बरंचसं वाचलं, म्हणून लाकडी चौकटींची जुनी घरं अजून उभी आहेत.

खर्चाच्या बाबतीत या गावाची तऱ्हा उलटी आहे. पाहण्यासारखं बहुतेक सगळं फुकट किंवा किरकोळ पैशांत होतं; पाकीट हलकं होतं ते पोचण्यात, मुक्कामात आणि खाण्यापिण्यात. हिशेबाला सोपं म्हणून एक युरो म्हणजे शंभर रुपये धरा आणि वर थोडी शिल्लक ठेवा. खाली ज्या आकड्यांना ‘साधारण’ म्हटलं आहे, ते अंदाजपत्रकापुरते आहेत.

निघण्याआधी

शेंगेन व्हिसाचं शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आणि त्याहून लहानांना काही नाही. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं पडतं, आणि व्हिसा नाकारला तरी पैसे परत मिळत नाहीत. प्रवासविमा किमान ३० हजार युरोंचा हवा. वयस्कर माणसांना त्याचा हप्ता जास्त बसतो, तेव्हा दोन-तीन कंपन्यांचे दर पाहूनच घ्या.

पोचायचं कसं

फ्रँकफर्टला उतरणार असाल तर स्टुटगार्टपर्यंतच्या वेगवान गाडीचं तिकीट आधीच काढा. सवलतीची तिकिटं लवकर संपतात आणि आयत्या वेळी तीच जागा कितीतरी महाग पडते. पुढे प्रादेशिक गाडी मिळते.

दोन-तीन आठवडे राहणार असाल तर ‘डॉइचलँड तिकीट’ परवडतं. जानेवारी २०२६ पासून त्याचा दर महिना ६३ युरो आहे. देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, शहरी रेल्वे, ट्राम आणि बस त्यात येतात. वेगवान गाड्या येत नाहीत. यात दोन मेखा आहेत. पहिली म्हणजे हा महिना कॅलेंडरचा असतो. २० मे ते १० जून असा बेत असेल तर दोन महिन्यांचे, म्हणजे माणशी १२६ युरो मोजावे लागतात, म्हणून तारखा शक्यतो एकाच महिन्यात बसवा. दुसरी अशी की हे तिकीट आपोआप पुढे चालू राहतं. १० तारखेच्या आत रद्द केलं नाही, तर तुम्ही पुण्यात परत आल्यावरही खात्यातून पैसे जातील.

एकाच दिवसाची सहल असेल तर ‘बाडेन-व्युर्टेंबर्ग तिकीट’ घ्या. पहिल्या माणसाचा एक दर आणि पुढच्या प्रत्येकाला थोडी भर, अशी पाच जणांपर्यंत सोय आहे. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच चालतं. साडेआठच्या गाडीत बसलात तर तुम्ही विनातिकीट!

मुक्काम

जुन्या गावात हॉटेलं मोजकी. दोघांच्या खोलीला साधारण १०० ते १५० युरो लागतात. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या मध्यावर नवं सत्र सुरू होतं, तेव्हा खोल्या मिळणं आणखी अवघड होतं. रॉइटलिंगन हे शेजारचं शहर रेल्वेने जेमतेम पाव तासावर आहे. तिथे किंवा स्टुटगार्टला राहून येणं अनेकदा स्वस्त पडतं. मुलाच्या वसतिगृहात पथारी टाकायचा विचार असेल तर पाहुण्यांचे नियम आधी विचारून घ्यायला सांगा.

काय पाहाल, किती मोजाल

नदीकाठची रंगीत घरं, नेकारमधल्या बेटावरची जुन्या वृक्षांची लांबलचक वाट, बाजारचौक, १४३५ चा टाउन हॉल आणि त्यावरचं १५११ चं खगोलीय घड्याळ, या सगळ्याला एक पैसा लागत नाही. कवी ह्योल्डर्लिन आयुष्याची शेवटची ३६ वर्षं ज्या मनोऱ्यात राहिला, तिथलं संग्रहालयही विनामूल्य आहे.

टेकडीवरच्या किल्ल्यात चढून जाणं फुकट. आतल्या संग्रहालयाला माफक तिकीट आहे आणि ते काढाच. मॅमथच्या सुळ्यातून कोरलेला, तळहातावर मावेल एवढा घोडा तिथे आहे, सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीचा. पाय तुटलेत, पण मानेचा बाक अजून तसाच डौलदार आहे. याच किल्ल्याच्या जुन्या स्वयंपाकघरातल्या प्रयोगशाळेत फ्रीडरिश मीशरने १८६९ मध्ये, जखमांच्या पट्ट्यांवरच्या पुवातून, आज आपण डीएनए म्हणतो तो पदार्थ पहिल्यांदा वेगळा केला. वाट चढाची आणि दगडी फरसबंदीची आहे. गुडघे कुरकुरत असतील तर चपला नकोत, बूटच घाला.

जरा जास्त पैसे खर्चून करायची एकच गोष्ट म्हणजे ‘श्टोखरकान’. सपाट तळाची लांब होडी, मागे उभा राहून लांब काठीने ती रेटणारा नावाडी, बहुधा विद्यार्थीच. मे ते सप्टेंबर हा भर हंगाम. इतरांबरोबर बसलात तर तासाच्या फेरीला माणशी साधारण १० युरो. अख्खी होडी घेतली तर शंभरच्या आसपास. दहाहून जास्त जण असाल तर अख्खी होडीच परवडते. जूनच्या सुमारास कॉर्पस क्रिस्टीच्या सुट्टीला या होड्यांची शर्यत होते आणि हरलेल्या चमूला कॉड माशाच्या यकृताचं तेल प्यावं लागतं! काठावरून बघायला तिकीट नाही, पण त्या दिवशी दुकानं बंद असतात.

खाणंपिणं आणि वेष्टनाचा कर

१ जानेवारी २०२२ पासून या गावात बांधून नेण्याच्या खाण्यावर वेष्टन-कर आहे. एकदाच वापरायच्या कप, डबा किंवा ताटलीला ५० सेंट, चमचा-काट्याला २० सेंट. कर दुकानदारावर असला तरी तो बहुधा गिऱ्हाइकाकडूनच वसूल होतो. प्रकरण घटना न्यायालयापर्यंत गेलं आणि जानेवारी २०२५ मध्ये निकाल गावाच्या बाजूने लागला. चौघांनी कॉफी आणि डब्यातलं जेवण बांधून घेतलं तर चमच्यांसकट जवळपास पाच युरो नुसत्या कचऱ्याचे. उपाय सोपे आहेत: बसून खा, आइस्क्रीम कपाऐवजी कोनात घ्या, घरचा कप आणि स्टीलचा डबा पिशवीत ठेवा.

बसून जेवायला माणशी साधारण १५ ते २० युरो. शाकाहाऱ्यांनी ‘केझे-श्पेट्झले’ मागवावं: ताज्या शेवयांसारखा प्रकार, वर वितळलेलं चीज आणि तळलेला कांदा, मात्र पिठात अंडं असतं. ‘माउलटाशन’च्या सारणात बहुधा मांस असतं, विचारून घ्या. विद्यापीठाच्या खानावळीत, म्हणजे ‘मेन्झा’त, पाहुण्यांनाही जेवता येतं, त्यांचा दर विद्यार्थ्यांपेक्षा जास्त असला तरी हॉटेलपेक्षा कमीच.

पाणी हॉटेलात विकत घ्यावं लागतं, नळाचं मात्र बिनघोर पिता येतं. बाटलीबंद पेय घेतलंत तर प्लास्टिकच्या बाटलीवर आणि डब्यावर २५ सेंट अनामत असते. सुपरमार्केटमधल्या यंत्राच्या तोंडात रिकामी बाटली दिली की ते गिळतं, चिठ्ठी छापतं, आणि ती गल्ल्यावर दाखवली की पैसे परत. बाटली चेपू नका, यंत्र ती परत बाहेर ढकलतं.

दोघांचा एक दिवस

होडी २०, संग्रहालय १० ते १२, जेवण ३५ ते ४०, कॉफी-केक १५, स्वच्छतागृहाची नाणी दोन-तीन: एकूण ८० ते ९० युरो, प्रवास वेगळा. होडी वगळून मेन्झात जेवलात तर पन्नासच्या आत भागतं.

वार निवडता येत असेल तर शुक्रवार निवडा. चौकातला आठवडी बाजार सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी भरतो. मनोरा आणि किल्ल्यातलं संग्रहालय ही दोन्ही गुरुवार ते रविवार उघडी सापडतात. तिन्ही जमतात ते शुक्रवारीच. रविवारी दुकानं बंद, म्हणून फळं, पाव, दूध शनिवारीच भरून ठेवा. नाहीतर रेल्वेस्थानकातल्या दुकानात त्याच वस्तूंना जादा मोजावे लागतील.