थांबायचं, तर कशासाठी?

‘डॉक्टरसाहेब, करोनासारखी साथ परत आली आणि परत अशीच वर्षभरात बनवलेली लस आली, तर घ्यायची का?’ बागली, चापडा, हाटपिपल्या, उदयनगर, सगळ्या बाजूंनी येणारी मंडळी मला हा प्रश्न अजून विचारतात. २०२४च्या एप्रिल-मेमध्ये कोविशील्डनं क्वचित रक्तात गुठळ्या होतात, अशी विलायतेतल्या कोर्टातून आलेली बातमी मोबाइलवर फिरली, तेव्हापासून तर जास्तच. विचारणाऱ्यांत लस घेतलेले आहेत, न घेतलेलेही आहेत. याचं उत्तर मी एका शब्दात देत नाही, कारण ते एकट्या लशीवर अवलंबून नसतं. तुमचं वय काय, आधीचे आजार कोणते, साथ किती जवळ आली आहे आणि लशीबद्दल आजच्या तारखेला काय कळलेलं आहे, हे सगळं धरून ते ठरतं. शिवाय ते महिन्यागणिक बदलतं. २०२१ मध्ये ते कसं बदलत गेलं ते तारखांसकट बघू, म्हणजे माझं म्हणणं लक्षात येईल.

३ जानेवारी २०२१ला आपल्याकडे दोन लशींना आणीबाणीचा परवाना मिळाला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोविशील्ड ही मूळ ऑक्सफर्डची लस. तिची हजारो लोकांवरची चाचणी ब्रिटन आणि ब्राझीलमध्ये झाली होती आणि सरासरी सत्तर टक्के परिणामकारकता छापून आली होती. दुसरी कोव्हॅक्सिन. हैदराबादच्या भारत बायोटेकनं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या साथीनं ती केली. तिच्या तिसऱ्या टप्प्यात २५,८०० लोक घ्यायचे होते, पण परवाना मिळाला त्या दिवशी निकाल हातात नव्हता. म्हणून तो परवाना ‘चाचणीच्या पद्धतीनं’ वापरायचा होता आणि टोचून घेणाऱ्याला संमतीपत्रावर सही करावी लागत होती. १६ जानेवारीला लसीकरण सुरू झालं ते आरोग्य कर्मचाऱ्यांपासून, आणि कोणती लस घ्यायची हे निवडण्याची मुभा नव्हती. दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांनी लेखी कळवलं, की आम्हाला कोविशील्ड द्या, कोव्हॅक्सिनबद्दल आम्ही साशंक आहोत. त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. माझ्या मते त्यांची शंका प्रामाणिक होती आणि तिला देशभक्तीची फूटपट्टी लावायला नको होती. निकाल आलेला नसताना ‘निकाल दाखवा’ म्हणणं यात गैर काहीच नाही.

आता पुढची तारीख बघा. ३ मार्चला कोव्हॅक्सिनचे पहिले अंतरिम आकडे आले, ८१ टक्के. पूर्ण निकालात ते ७७.८वर स्थिरावले. जानेवारीतल्या शंकेला दोन महिन्यांत उत्तर मिळालं. योगायोगानं १ मार्चपासूनच साठीच्या पुढच्यांना आणि पंचेचाळिशीपुढच्या व्याधीग्रस्तांना लस खुली झाली होती. फेब्रुवारीत देशात रोजचे नवे रुग्ण दहा-पंधरा हजारांवर उतरले होते. मार्चमध्ये चढू लागले आणि मेच्या सुरुवातीला दिवसाला चार लाखांवर गेले. मग देवास-इंदूरला खाट मिळेना, ऑक्सिजन मिळेना, हे तुम्हाला मी सांगायला नको. जानेवारीत थांबलेला माणूस निकालाची वाट बघत होता. एप्रिलमध्येही थांबलेल्या सत्तरीच्या आजोबांना ‘कशाची वाट बघताय?’ असं विचारलं असतं, तर बहुतेक वेळा सांगता येण्यासारखं काहीच नव्हतं. ‘बघू’, एवढंच. थांबण्यात चूक नसते; पण कोणती गोष्ट कळली की हो म्हणेन, हे न ठरवता थांबणं धोक्याचं, कारण तेवढ्या काळात आजार थांबत नाही.

आपल्याकडचा शेतकरी सोयाबीनचं नवं वाण एकदम सगळ्या रानात पेरत नाही. आधी एका तुकड्यात लावून बघतो किंवा शेजाऱ्याचं बघतो. लशीची चाचणी म्हणजे तो तुकडाच. पण तुकड्यातलं पीक डोळ्यांनी बघून झाल्यावर आणि पाऊस डोक्यावर आल्यावरही पेरणी लांबवली, तर नुकसान आपलंच.

‘इतक्या लवकर बनली, म्हणजे काहीतरी गाळलं असणार’ ही शंका तर शिकलेल्या घरांतूनही येते. एरवी लशीला दहा-दहा वर्षं लागतात, त्यातला बराच काळ पैसे मिळण्यात, परवानग्यांत आणि चाचणीसाठी पुरेसे रुग्ण सापडण्यात जातो. २०२०मध्ये सरकारांनी आधीच पैसे ओतले, एक टप्पा संपायची वाट न बघता पुढच्याची तयारी सुरू झाली, निकाल यायच्या आत कारखान्यांनी कुप्या भरून ठेवल्या. आजार इतका पसरला होता, की लस घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत फरक दिसायला फार दिवस लागले नाहीत. ऑक्सफर्डची मंडळी त्याच पद्धतीच्या लशीवर मर्स नावाच्या करोना विषाणूसाठी आधीपासून काम करत होती. एक गोष्ट मात्र घाईत खरोखरच कळू शकत नाही. लाखात किंवा दहा लाखांत एखाद्यालाच होणारा दुष्परिणाम पंचवीस-तीस हजारांच्या चाचणीत दिसत नाही. तो लस लोकांत गेल्यावरच दिसतो. नवी लस घेणाऱ्याला हे आधी सांगायलाच हवं. ते न सांगता ‘एकदम सुरक्षित’ म्हणणाऱ्यांनी लशीचं नुकसान केलं.

घाईच्या लशीचा हा प्रश्न आपल्या मुलखाला नवा नाही. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला. ऑक्टोबरमध्ये जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजात आले, तीन महिन्यांत त्यांनी लस केली आणि १० जानेवारी १८९७ला पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा काही कैद्यांना लस दिली गेली, काहींना नाही, आणि लस घेतलेल्यांत प्लेग कमी झाला. कैद्याची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न आज आपण विचारला असता, आणि विचारायलाच हवा. लोक सरकारी माणसांना भीत होते. खोजांचे धर्मगुरू आगाखान यांनी आपल्या समाजासमोर स्वतः टोचून घेतलं, तेव्हा कुठं त्यांची माणसं पुढं आली.

पण त्याच लशीच्या नावावर एक काळा दिवसही आहे. ३० ऑक्टोबर १९०२, पंजाबातलं मुलकोवाल गाव. त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली, त्यातले १९ धनुर्वातानं दगावले. त्या सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती. हाफकिनना कामावरून दूर केलं गेलं. पुढं चौकशीत निघालं, की दोष लशीत किंवा प्रयोगशाळेत नव्हता. गावात बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. १९०७मध्ये हाफकिन निर्दोष ठरले, त्यांच्या बाजूनं मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस ‘टाइम्स’मध्ये लिहीत होते. १९२५पासून परळची संस्था हाफकिनच्याच नावानं आहे. मला यात तुमच्या कामाचं दिसतं ते असं: लस चांगली असणं आणि तुम्हाला ती चांगल्या रीतीनं मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन्ही लशी दोन ते आठ अंशांत ठेवाव्या लागत. मे-जूनच्या उन्हात उदयनगरच्या पलीकडच्या फाल्या-टोल्यांवर कुपी न्यायची, तर शीतपेटी आणि बर्फाच्या पिशव्या नीट हव्यात. नर्सबाईंना सिरिंजचं पाकीट समोर फोडायला सांगा, कुपी कधी उघडली ते विचारा. कुणी रागावणार नाही. रागावलं, तरी विचारा.

उलट बाजूचाही एक दाखला द्यायला हवा, नाहीतर मी एकतर्फी बोलतो असं वाटेल. १९७६मध्ये अमेरिकेत डुकरांच्या फ्लूची महासाथ येणार म्हणून घाईनं लस बनवली आणि जवळपास साडेचार कोटी लोकांना दिली. महासाथ आलीच नाही. मात्र लस घेतलेल्यांत दर लाखामागं साधारण एक जादा रुग्ण गिलियन-बारे या लुळेपणाच्या आजाराचा दिसला, आणि डिसेंबरात मोहीम बंद करावी लागली. लाखात एक हा धोका लहानच. पण समोर आजारच नसेल तर तो लहान धोकाही जास्त होतो, आणि माणसं मरत असतील तर तोच धोका पत्करण्यासारखा ठरतो. म्हणून ‘लस सुरक्षित आहे का’, एवढाच प्रश्न अपुरा आहे. न घेतल्यानं काय होईल, हे त्याच्या शेजारी मांडायला हवं.

वर आलेल्या टक्क्यांचा घोळही सोडवतो. सत्तर टक्के परिणामकारक म्हणजे लस घेतलेल्या शंभरातले तीस आजारी पडतात, असं नाही. समजा, लस न घेतलेल्या दहा हजारांत ठराविक काळात शंभर जण आजारी पडले, तर लस घेतलेल्या दहा हजारांत तीस पडतील, असा त्याचा अर्थ. आणि हा आकडा साध्या आजाराचा. श्वास लागून दवाखान्यात जाण्यापासूनचं संरक्षण करोनाच्या लशींत याहून जास्त निघालं. कोणत्याही नव्या लशीच्या बातमीत हा दुसरा आकडा शोधा, तुमच्या उपयोगाचा तोच असतो.

आता ती कोर्टाची बातमी. कोविशील्डच्या जातीच्या लशीनं क्वचित रक्तात गुठळ्या होतात आणि त्याच वेळी प्लेटलेट कमी होतात, हे २०२४चं गुपित नव्हे. युरोपच्या औषध नियामकांनी ते एप्रिल २०२१मध्येच जाहीर केलं होतं. आपल्या सरकारच्या समितीनं १७ मे २०२१ला सांगितलं, की गंभीर घटनांच्या तपासणीत गुठळ्यांची २६ संभाव्य प्रकरणं मिळाली, म्हणजे दहा लाख डोसांमागं ०.६१. धोका असतो तो लस घेतल्यानंतरच्या काही आठवड्यांत. २०२१मध्ये लस घेतलेल्या माणसानं आज त्या गुठळीच्या भीतीनं रक्त तपासत फिरण्याची गरज नाही. तरुणांच्या अचानक मृत्यूंबद्दलही विचारतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या अशा ७२९ मृत्यूंची तुलना २,९१६ जणांशी केली. लशीनं धोका वाढल्याचं आढळलं नाही, दोन डोसांनी तो कमीच झाला. वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या अशा: करोनानं रुग्णालयात भरती व्हावं लागणं, घरात अशा मृत्यूचा इतिहास, मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत भरमसाट दारू आणि अंगाबाहेरचे कष्ट. घरात तरुण मुलगा असेल, तर लशीच्या सर्टिफिकेटपेक्षा या गोष्टींकडे लक्ष द्या.

गैरसमजांतला सर्वांत महागडा म्हणजे, ‘मला शुगर आहे, बीपी आहे, मी कशी घेऊ?’ करोनात मधुमेह आणि रक्तदाब हेच लस आधी घेण्याचं कारण होतं. आधीच्या डोसला किंवा लशीतल्या एखाद्या घटकाला जोरदार ॲलर्जी आली असेल, तर मात्र ती लस घ्यायची नाही. त्या दिवशी ताप असेल तर बरं वाटल्यावर जा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा आणि टोचल्यावर जागा काही मिनिटं दाबून धरा. गरोदर बायकांना सुरुवातीला थांबवलं होतं, कारण चाचण्यांत त्यांना घेतलं नव्हतं. इतर देशांतून माहिती आली, गरोदरपणी करोना झाल्यास अतिदक्षतेची आणि दिवस भरायच्या आत बाळंतपणाची शक्यता वाढते हे कळलं, आणि २ जुलै २०२१पासून त्यांनाही परवानगी मिळाली. कशासाठी थांबायचं ते माहीत असलं की थांबणं असं असतं.

आपल्या तालुक्यातल्या भिल्ल, भिलाला, बारेला, कोरकू वस्त्यांबद्दल शहरातले लोक नाक मुरडून बोलले, ते मला फार लागलं. लस घेतली की माणूस दोन वर्षांत मरतो, पुरुषत्व जातं, या अफवा तिथं जन्मल्या नव्हत्या. त्या शहरांतूनच मोबाइलवर गेल्या. आणि ज्या राज्यात जानेवारी २०२१मध्ये भोपाळच्या वायुग्रस्त वस्त्यांतल्या लोकांनी, ‘आम्हाला कोव्हॅक्सिनच्या चाचणीत घेतलं हे नीट समजावलं नाही’ अशा तक्रारी केल्या, तिथं गरीब माणूस संशय घेतो यात त्याचं काय चुकलं? ज्या गावात आशाताईंनी आधी घरच्यांसमोर स्वतः टोचून घेतलं, पटेलानं घेतलं, तिथं रांग लागली. पोलिसांच्या गाडीनं लागलेली रांग दुसऱ्या डोसाला दिसत नाही.

पुढं कधी लस घेतलीत, तर टोचून झाल्यावर अर्धा तास केंद्रावर बसा, जोरदार ॲलर्जी आली तर बहुधा त्याच वेळेत येते आणि तिथं तिच्यावरचं इंजेक्शन हाताशी असतं. एक-दोन दिवस ताप, अंग दुखणं, दंड दुखणं हे चालायचंच, पॅरासिटामॉल पुरे. पण वीस दिवसांच्या आत न थांबणारी डोकेदुखी, छातीत दुखणं, दम लागणं, एका पायाला सूज, पोटात सतत कळ किंवा सुई टोचली त्या जागेपासून दूर अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले, तर घरगुती काढे नकोत. सरळ दवाखाना गाठा, लस कधी आणि कोणती घेतली ते सांगा आणि प्लेटलेट तपासायला सांगा. तिथल्या डॉक्टरांना त्या घटनेची लसीकरणानंतरच्या दुष्परिणामाची नोंद करायला लावा. तो फॉर्म प्रत्येक सरकारी केंद्रात असतो. ते २६ रुग्ण मोजले गेले ते अशाच नोंदींमुळे. म्हणून गावात कुणाला लशीनंतर काही गंभीर झालं आणि घरचे गप्प बसले, तर एएनएम ताईंच्या कानावर तुम्ही घाला.