छडी कोणाच्या पाठीवर?

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये १६:१६-३४, २२:२४-२९, फिलिप्पैकरांस पत्र २:५-८



नंदगड येथील आमच्या छोट्या वर्गात प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय चालला असता एका मुलाने विचारले, "पौल रोमी नागरिक होता ना? मग मार खाण्यापूर्वीच त्याने तसे का सांगितले नाही?" त्या दिवशी आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. पुढे वाचन करताना जे हाती लागले ते येथे मांडीत आहोत.

शिक्षा झालेले शरीर ही गोष्ट नंदगडच्या मुलांना परकी नाही. २६ जानेवारी १८३१ रोजी इंग्रजांनी संगोळ्ळी रायण्णाला येथेच फाशी दिले. त्याच्या समाधीवरील वडाला लोक आजही पाळणे बांधतात. राज्यकर्ते अशी शिक्षा देतात ती मरणाऱ्यापेक्षा पाहणाऱ्यांसाठी अधिक. रोमी सत्तेला हे चांगले ठाऊक होते. इ.स.पू. ७१ मध्ये स्पार्टाकसच्या नेतृत्वाखालील दासांचे बंड मोडल्यावर सुमारे ६,००० कैद्यांना कापुआ ते रोम या हमरस्त्याच्या कडेने वधस्तंभांवर टांगले, असे इतिहासकार आप्पियन सांगतो.

परंतु रोमी कायद्यापुढे सर्वांची शरीरे सारखी नव्हती. नागरिकाला फटके मारण्यास मनाई करणारे कायदे तेथे फार पूर्वीपासून होते. दासाच्या पाठीला कोणतेही कवच नव्हते. प्लौटस या नाटककाराच्या प्रहसनांत दासांना बसणारे फटके हा हसण्याचाच विषय आहे. एका नाटकातील दास तर वधस्तंभ ही आपल्या घराण्याची वडिलोपार्जित जागा असल्यासारखे बोलतो, आणि प्रेक्षक हसत असत. इ.स.पू. ७० मध्ये सिसेरो या नामांकित वकिलाने सिसिलीचा सुभेदार वेरेस याच्यावर आरोप केले. त्यांत एक आरोप गाविउस नावाच्या माणसाविषयीचा होता. तो भर बाजारात फटके खात असता आपण रोमी नागरिक आहोत एवढेच म्हणत राहिला, तरी वेरेसने त्याला वधस्तंभावर चढविले. ते प्रकरण वाचताना अंगावर काटा येतो. तथापि सिसेरोचा संताप कशाचा आहे हे नीट पाहावे. एका माणसाच्या देहाचे हाल झाले ही त्याची तक्रार नव्हे. एका नागरिकाचे हाल झाले, ही त्याची तक्रार आहे.

आम्हां शिक्षकांना क्विंटिलियन अधिक जवळचा वाटावा. पहिल्या शतकातील हा रोमचा नाणावलेला अध्यापक. विद्यार्थ्यांना मारू नये, असे त्याने स्पष्ट लिहून ठेवले आहे. त्या काळी असे म्हणणारे थोडेच. परंतु त्याचे पहिले कारण काय? मार खाणे हे लाजिरवाणे आहे, ते दासांना शोभते! म्हणजे मुलाची पाठ त्याने वाचविली, दासाची मात्र तशीच उघडी ठेवली. त्याचे ऐकलेही फार कोणी नसावे, कारण त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी आफ्रिकेत लहानपणी शाळेत जाणारा ऑगस्टिन मार चुकावा म्हणून देवाची प्रार्थना करी, आणि घरची मोठी माणसे त्या वळांना हसत.

आता फिलिप्पैकडे वळू. हे शहर रोमी वसाहत होते आणि तेथील लोकांना त्याचा मोठा अभिमान. तंटा सुरू झाला तो एका दासीवरून. तिच्या अंगातील भुताच्या जोरावर तिचे धनी पैसा मिळवीत होते. पौलाने तिला मोकळे केले आणि त्यांची मिळकत बुडाली. मग पौल व सीला यांची वस्त्रे काढून त्यांना छड्या मारण्यात आल्या. यरुशलेमेत मात्र वादीने बांधले जाताच पौलाने शताधिपतीला हटकले. येथे तो गप्प का राहिला? गोंगाटात त्याचे कोणी ऐकले नसेल, असे म्हणता येईल, व ते अशक्य नाही. पण आमचे मन दुसरीकडे ओढ घेते. त्या दासीजवळ नागरिकत्व नव्हते. ज्यांनी नुकताच विश्वास ठेवला होता, त्यांच्यापैकी किती जणांजवळ असेल? पौलाने आपली पाठ आधीच वाचविली असती, तर त्यांना कोणत्या तोंडाने धीर दिला असता? पुढे याच मंडळीला पत्र लिहिताना, प्रभूने दासाचे रूप घेतले व वधस्तंभाचे मरण सोसले, हे त्याने कळविले. नागरिकत्वाचा तोरा मिरविणाऱ्या त्या शहरात "दास" आणि "वधस्तंभ" हे शब्द कानाला किती टोचले असतील!

आता आमच्या घरची गोष्ट. पाठांतर न केलेल्या एका मुलाच्या हातावर आम्ही स्वतः पट्टी मारली आहे. पुढच्या रविवारी त्याने वचन बिनचूक म्हटले, पण म्हणताना त्याचे डोळे पट्टीवर होते. तेव्हापासून ती आम्ही वर्गात नेत नाही. काही वडीलधारे नीतिसूत्रे १३:२४ दाखवतील. त्यांना आमचे नम्र सांगणे, की तेथील काठीसाठी जो इब्री शब्द आहे, तोच स्तोत्र २३ मध्ये मेंढपाळाच्या हाती आहे, आणि त्या काठीने मेंढराला धीर येतो. शिक्षणहक्क कायद्याने २००९ साली शाळेत मुलाला मारण्यास मनाई केली. पण घरात? तेथे हात उठतो तो नेहमी खालच्याच पाठीवर : लेकरावर, सुनेवर, शेतावरच्या गड्यावर. साहेबावर उठलेला आम्ही पाहिला नाही. ज्यावर हात उठतो त्या पाठीत आणि प्रभूने पत्करलेल्या पाठीत फरक कोणता, हे मारणाऱ्याने सांगावे.

वर्गात हा पाठ घेताना भूकंपावर फार वेळ घालवू नये. मुले तेथेच रमतात. तेहतिसावे वचन सावकाश वाचावे. काही तासांपूर्वी ज्या बंदिशाळेच्या नायकाने ते पाय खोड्यात अडकविले, तोच आता रात्रीच्या वेळी पाणी घेऊन बसला आहे आणि जखमा धूत आहे. अजून त्याचा बाप्तिस्माही झालेला नाही. दिव्याच्या उजेडात त्याला त्या पाठींवर काय दिसले असेल, हे आम्ही येत्या रविवारी त्याच मुलाला विचारणार आहोत.